तोंडाने वाजवायची गिटार

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी चार माणसं जमतात आणि तोंडाने गिटार वाजवतात. चौघंही पंचावन्नच्या पुढची. दोघांना साखर आहे, एकाचे गुडघे गेलेत आणि मला सासरे आहेत. ते पुढे येतीलच. विषय बावीस वर्षं एकच. रॉक संगीतातला सगळ्यांत थोर गिटार रिफ कोणता? एवढ्या काळात पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून झाला, पाडून झाला आणि पुन्हा बांधून झाला. आमचा निकाल अजून लागायचाय.

ज्यांना रिफ ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाणारा तोंड उघडायच्या आधी गिटारवर जो चार-सहा सुरांचा तुकडा वाजतो, आणि मग गाणं संपेपर्यंत जावयासारखा फिरून फिरून घरी येतो, तो रिफ. गाणं त्याच्यावर उभं असतं. सोलो वेगळा. सोलो म्हणजे मधेच गिटारवाला डोळे मिटून, ओठ चावून ताना घेतो तो प्रकार. सोलो लोक ऐकतात, रिफ लोक घरी घेऊन जातात.

वादाची रीत ठरलेली आहे. कोणीतरी म्हणतो, ‘‘अरे, पण तो आठव ना!’’ आणि तोंडाने वाजवायला लागतो. इथेच पहिली अडचण येते. तबल्याला धा-धिं-धिं-धा आहे, सतारीला दा-रा आहे. इलेक्ट्रिक गिटारला बोल लावून द्यायची तसदी कोणी घेतलेली नाही. त्यामुळे ज्याने त्याने आपापले पाडून घेतलेत. आमच्यातल्या तिघांचे बँड ठरलेले: डीप पर्पल, ब्लॅक सॅबथ आणि लेड झेपेलिन. पर्पलवाला ‘ढँ ढँ ढँऽऽ’ म्हणतो. सॅबथवाला ‘झ्झाँव’ म्हणतो आणि प्रत्येक झ्झाँवला त्याची मान खाली जाते, ती हल्ली वर यायला वेळ लागतो. झेपेलिनवाला नाकातून ‘डिगिडिगि’ असं काहीतरी काढतो. त्याचा ‘होल लोट्टा लव्ह’ आणि पावसाळ्यात त्याची स्कूटर चालू न होणं, यांत मला अजून फरक करता आलेला नाही. आमची ही एकदा चहा घेऊन वर आली तेव्हा तिघंही एकदम रंगात होते. ती कठड्याशीच थांबली आणि मला म्हणाली, ‘‘अहो, यांना पाणी देऊ का?’’

मी कुठल्याच घराण्याचा नाही. पण गिटार फक्त माझ्याकडे आहे, म्हणून अध्यक्षपद माझ्याकडे आहे.

पर्पलवाल्याचा दावा ‘स्मोक ऑन द वॉटर’चा, आणि तो नुसता रिफ सांगून थांबत नाही, पूर्ण कथा लावतो. ४ डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमधलं मॉन्त्रो गाव, जिनिव्हा सरोवराचा काठ. तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या एका दिवट्याने फ्लेअर गन वर झाडली. छत पेटलं आणि कॅसिनो जळून खाक. डीप पर्पलची मंडळी त्याच कॅसिनोत आपला अल्बम रेकॉर्ड करायला गावात आली होती. त्यांनी तो धूर सरोवरावर पसरताना पाहिला. रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी भाड्याने आणलेली, आणि रेकॉर्डिंगला जागा नाही! मग गावातल्याच पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात त्यांनी पथारी टाकली, आणि त्यांच्या गिटारवाल्याने, रिची ब्लॅकमोरने, तिथे रात्री तो रिफ वाजवला. गाव झोपलेलं. शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. बाहेरून पोलीस दार ठोठावतायत, आतून बँडची माणसं दार दाबून धरतायत आणि मधे टेक चाललाय. (कथेच्या या टप्प्यावर पर्पलवाला स्वतः उठून गच्चीचं दार दाबून धरतो.) तेव्हा त्या चालीला शब्द नव्हते, नाव नव्हतं. १९७२ मध्ये अल्बम आला तेव्हा बँडची खरी भिस्त ‘नेव्हर बिफोर’ नावाच्या दुसऱ्याच गाण्यावर होती. हे गाणं आमच्यापैकी कोणालाच तोंडाने वाजवता येत नाही. पर्पलवाल्यालाही नाही.

या रिफशी माझा स्वतःचा संबंध १९८६ पासूनचा. कॉलेजात असताना हॉस्टेलवरच्या एका सीनियरने मला तो एका तारेवर अकरा मिनिटांत शिकवला. शून्य, तीन, पाच. शून्य, तीन, सहा-पाच. शून्य, तीन, पाच, तीन, शून्य. बारा वेळा तार छेडायची, सूर एकूण चार. बाराव्या मिनिटाला मी गिटारिस्ट होतो. पुढचा महिनाभर मी तेवढंच वाजवलं, आणि ज्या ज्या खोलीत वाजवलं तिथल्या माणसांनी मला दुसऱ्या खोलीचा पत्ता सांगितला. फार वर्षांनी कळलं, की ब्लॅकमोर ते एका तारेवर वाजवतच नाही. तो शेजारच्या दोन तारा एकदम, पिक न वापरता, बोटांनी खेचून वाजवतो. म्हणजे आम्ही जगभर चुकीचंच वाजवत आलोय. एकाच तारेवर, ढिल्या तारेवर, कॉलेजच्या डेस्कवर, हेल्मेटवर. आणि तरी एकालाही विचारावं लागत नाही, ‘हे काय वाजवतोयस?’ ही गोष्ट मी अध्यक्ष या नात्याने नोंदवून ठेवली.

सॅबथवाल्याला ही कथा पोरकट वाटते. ‘‘कॅसिनो जळला! अरे, आमच्या माणसाची बोटं गेली बोटं!’’ आणि मग तो टोनी आयोमीची कहाणी सांगतो. ती ऐकताना मात्र कोणी मधे बोलत नाही.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं गाव. टोनी सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं म्हणून नोकरी सोडली होती आणि त्या दिवशी शेवटची पाळी होती. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, असं अर्धवट सोडू नये, जा, पूर्ण करून ये. आई ती आईच, मग ती बर्मिंगहॅमची असो की बेलबागेजवळची. तो परत गेला. दुसऱ्या कामगाराच्या खाड्यामुळे त्याला नेहमीचं नसलेलं मशीन चालवावं लागलं, आणि प्रेसखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा. म्हणजे नेमकी तार दाबायचीच बोटं. पुढे त्याच्या साहेबाने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून ऐकवली. त्या माणसाची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तरी तो जगाला वेड लावत होता. टोनीने घरी जाऊन भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिचे गोळे करून बोटांना टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बारीक लावल्या. आवाज जड झाला, आणि १९७० साली त्यातून ‘आयर्न मॅन’ निघाला. ‘पॅरानॉइड’ त्याच अल्बममध्ये. तो तर जागा भरायला म्हणून घाईघाईत उरकलेला. सगळं हेवी मेटल त्या भांड्यांच्या बाटलीतून आलं, असं सॅबथवाला म्हणतो, आणि गेल्या काही वर्षांपासून तो सिंकपाशी एकटा उभा असला की आम्हाला काळजी वाटते.

२०२५ च्या जुलैत, ५ तारखेला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सॅबथची शेवटची मैफल झाली आणि त्याच महिन्यात २२ तारखेला त्यांचा गायक ऑझी ऑसबॉर्न गेला. त्या रविवारी वाद झाला नाही. कोणीच काही म्हणालं नाही, तेव्हा झेपेलिनवाल्यानेच हळूच, मान खाली घालून, एकदा झ्झाँव म्हटलं.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ब्याऐंशी, आयुष्यभर तबल्याची साथ केली. मोठ्या नावांना नव्हे. भजनी मंडळं, संगीत विद्यालयाचे वार्षिक कार्यक्रम, चौथीतल्या मुलींची कथक परीक्षा. दोन वर्षांपासून आमच्याकडे असतात. डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलाय म्हणून रविवारी गच्चीवर येतात आणि टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात. पहिले चार-पाच रविवार काही बोलले नाहीत. मग एकदा पर्पलवाल्याचं ढँढँढँ तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाले, ‘‘जावईबापू, हा लेहरा का?’’

मी चमकलो. एकट्या तबल्याचा कार्यक्रम असतो तेव्हा शेजारी पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत बसतो. तबलजीने कुठेही भटकावं आणि समेवर परत यायला घर असावं, म्हणून. तो लेहरा. रिफची याच्याहून नेमकी व्याख्या मी तरी कुठे वाचलेली नाही.

अण्णांनी मग सूर विचारले. मी सांगितले: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. त्यांच्या भुवया वर गेल्या. ‘‘दोन्ही मध्यम लागोपाठ? ललित?’’ मग स्वतःच मान हलवली. ‘‘पण गंधार कोमल. ललित कसा असेल! कुठल्याच रागात बसत नाही.’’ पर्पलवाल्याचा चेहरा पडला. अण्णा थोडं थांबून म्हणाले, ‘‘वाईट लागत नाही पण.’’ पर्पलवाला ते वाक्य अजून सांगत फिरतो.

त्या दिवसापासून वादाचं रूपच पालटलं. पॉवर कॉर्ड म्हणजे काय, हे सॅबथवाल्याने अण्णांना फार अभिमानाने समजावलं. साधा स्वरमेळ तीन सुरांचा असतो. रॉकवाले मधला गंधार काढून टाकतात, फक्त षड्ज आणि पंचम ठेवतात. कारण अँप्लिफायर ताणून आवाज फाडला, की दोन सुरांच्या घर्षणातून आणखी नको ते सूर जन्माला येतात. गंधार असेल तर त्यांचा चिखल होतो. सा आणि प असेल तर ते एकमेकांत मिसळून जातात आणि भिंत उभी राहिल्यासारखा आवाज येतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ‘‘म्हणजे तंबोरा,’’ म्हणाले.

सॅबथवाला हटला नाही. त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं: बँडच्याच नावाचं पहिलं गाणं, १९७० चं. खालचा सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. संपला रिफ. या सा-तीव्र मध्यमाच्या अंतराला युरोपात जुने संगीतकार सैतानाचं अंतर म्हणत. ऐकून अंगावर काटा येतो, असं त्याचं म्हणणं. अण्णा म्हणाले, ‘‘आमच्याकडे पहिल्या वर्षाला यमन असतो. आठ-आठ वर्षांच्या पोरी घेतात तीव्र मध्यम. त्यात घाबरायचं काय? बेसूर लागला तर घाबरावं.’’

मेटलिकाची गोष्ट तर मी खास त्यांच्यासाठीच सांगितली. ‘एंटर सँडमन’चा रिफ कर्क हॅमेटने बांधला, पण त्याची वीण ड्रमर लार्स उलरिखने बदलायला लावली: पहिला तुकडा तीनदा घे आणि मग शेपूट जोड. १९९१ मध्ये ते गाणं घराघरांत पोचलं. अण्णांना यात बातमी अशी काही दिसली नाही. ‘‘तीनदा घेऊन चौथ्याला उतरायचं. तबलजीला आधीच विचारलं असतं तर वेळ वाचला असता.’’

झेपेलिनवाल्याला वाटलं, आता आपली वेळ. त्याने ‘कश्मीर’ काढलं. खरोखरच वजनदार पत्ता आहे. गिटारचा तुकडा तीन-तीनच्या हिशेबात चढत जातो, खाली ड्रम चार-चारच्या हिशेबात चालतो, आणि दोघांची गाठ बाराव्या मात्रेनंतर पडते. मी मोबाइलवर लावलं. अण्णांनी डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर तीन धरले, उजव्या हाताने मांडीवर चार, आणि दोन आवर्तनांनंतर त्यांची मान बरोबर जागेवर पडली. ‘‘वा,’’ म्हणाले. त्या संध्याकाळी झेपेलिनवाल्याने घरी जाताना पेढे घेतले असणार. पण तेवढ्यात अण्णांनी विचारलं, ‘‘काश्मीरला कधी गेले होते हे?’’ गेले नव्हते. मोरोक्कोतल्या वाळवंटातल्या लांबलचक रस्त्यावरून जाताना गाणं सुचलं. ‘‘मग मोरोक्को म्हणायचं.’’ झेपेलिनवाला कळवळून म्हणाला, ‘‘पण अण्णा, ते मुंबईला आले होते! पेज आणि प्लांट. १९७२ ला. आपल्या वादकांना घेऊन दोन गाणी रेकॉर्ड केली त्यांनी!’’ अण्णांनी आयुष्यभर साथ केलेल्या माणसाला सुचेल तोच प्रश्न विचारला: ‘‘बिदागी?’’

काही गाणी आम्ही दारातूनच परत पाठवतो. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ कितीही थोर असलं तरी त्याची सुरुवात म्हणजे स्वरमेळांची रांग आहे, तिच्यात रिफ शोधणं म्हणजे वरणात डाळ शोधणं. ‘स्टेअरवे टू हेवन’वर झेपेलिनवाल्याशी तीन महिने अबोला होता. ते वाजवून वाजवून गिटारच्या दुकानांत इतका उच्छाद मांडला गेला, की १९९२ च्या ‘वेन्स वर्ल्ड’ सिनेमात दुकानदाराने भिंतीवर ‘नो स्टेअरवे टू हेवन’ अशी पाटीच लावलेली दाखवलीय. पुणेरी माणसाला दुसऱ्या देशात जाऊन इतकं घरी आल्यासारखं क्वचितच वाटतं.

रिफ सुचतो कसा, हा आमचा उपविषय. यात रोलिंग स्टोन्सवाल्या कीथ रिचर्ड्सच्या पुढे कोणी जाऊ शकत नाही. १९६५ साली तो रात्री झोपेतून अर्धवट जागा झाला, उशाशी कॅसेट रेकॉर्डर होता, त्यावर ‘सॅटिस्फॅक्शन’चा रिफ वाजवला आणि पुन्हा झोपला. सकाळी त्याला काहीच आठवेना. टेप लावली तर आधी थोडा रिफ, आणि उरलेली सगळी टेप घोरणं! ही म्हणते, आमच्या घरी अशी टेप केली तर दुसरा भाग याहून सरस निघेल. गंमत पुढेच आहे. कीथच्या मनात तो रिफ गिटारचा नव्हताच; तो ब्रासचा होता. ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा अंदाज यावा म्हणून त्याने फझ-टोन नावाची आवाज खरबरीत करणारी पेटी पायाखाली घेऊन कच्चं काम करून ठेवलं. ते कच्चं कामच बाजारात गेलं आणि गाजलं. त्याच वर्षी ओटिस रेडिंगने ते गाणं खरोखर ब्रास लावून म्हटलं. म्हणजे कीथच्या मूळ कल्पनेप्रमाणे पाहिलं तर ‘सॅटिस्फॅक्शन’ हा वरातीच्या बँडचा ऐवज आहे. यावर सॅबथवाल्याने नवीनच कसोटी काढली: जो रिफ वरातीचा बँड, मागे जनरेटरची गाडी आणि पुढे नवरदेवाचा मामा नाचत असताना, न चुकता वाजवू शकतो तो थोर. कसोटी मला पटली, पण नवरदेव मिळेना.

आणि डेव्ह डेव्हिस. १९६४, किंक्स, ‘यू रिअली गॉट मी’. आपल्या छोट्या अँप्लिफायरचा आवाज फारच सभ्य येतो म्हणून त्याने स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. फाटका पडदा थरथरला आणि जगाला हवा तो गुरगुराट मिळाला. हे वाचल्यावर मी आमच्या वडिलांच्या मर्फी रेडिओकडे त्या नजरेने एकदा पाहिलं होतं. वडिलांनी माझ्याकडे त्याहून वाईट नजरेने पाहिलं आणि महाराष्ट्र एका गिटारिस्टला मुकला.

दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी घरी आली होती. मी तिच्यासाठी म्हणून, जरा आधुनिक दिसावं या हेतूने, ‘सेव्हन नेशन आर्मी’चा रिफ वाजवला. द व्हाइट स्ट्राइप्स, २००३. सात ठोके, सूर पाच. ऐकताना बास गिटार वाटते, पण आहे साधी गिटार. जॅक व्हाइटने पेडल लावून तिला एक सप्तक खाली ढकललंय. मुलगी मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, ‘‘बाबा, हे फुटबॉलचं ना?’’

गच्चीवर शांतता पसरली. मी म्हटलं, ‘‘अगं, हे गाणं आहे.’’ ‘‘गाणं पण आहे याचं?’’

चूक तिची नव्हती. २००३ च्या ऑक्टोबरात बेल्जियमच्या क्लब ब्रुगचे पाठीराखे सामन्यासाठी मिलानला गेले होते, तिथल्या बारमध्ये त्यांनी हे ऐकलं आणि घोषणा म्हणून उचललं. इटालियनांनी ते आपलं केलं, २००६ चा विश्वचषक जिंकताना त्यांनी ते ‘पो पो पो पो’ असं गात रस्ते दणाणून सोडले आणि मग ते जगभरच्या मैदानांत शिरलं. शब्द गळाले, बँड गळाला, गिटारही गळाली. उरलं फक्त पो-पो. पर्पलवाला हळूच म्हणाला, ‘‘म्हणजे तोंडाने वाजवणारे आपणच नाही आहोत.’’ वानखेडेवर ‘सचिऽऽन, सचिन’ व्हायचं आणि लगेच टाळ्यांचे ठोके पडायचे, त्याची चाल कोणी बांधली हे विचारायला कोणी जायचं का? रिफ असा पायरीवरून खाली उतरून लोकांत गेला पाहिजे, असं मी अध्यक्षीय भाषणाच्या थाटात म्हणालो. लाखभर बेसूर माणसांनी एकदम गायला आणि तरी मेला नाही, तर तो खरा. कसलेल्या हातांनी तर काहीही चांगलंच वाजतं. कसोटी माझ्यासारख्यांची आहे.

भाषण चांगलं चाललं होतं, पण तेवढ्यात ही भजी घेऊन वर आली. बावीस वर्षं ती या वादात पडली नव्हती. ताट कठड्यावर ठेवून म्हणाली, ‘‘आणि ‘कर्ज’?’’

‘‘ते फिल्मी आहे,’’ झेपेलिनवाला म्हणाला.

‘‘असू दे. तुमच्या त्या ढँढँढँने फार तर शेजारी जागे होतात. ‘कर्ज’मध्ये ती गिटारची धून वाजवता वाजवता ऋषी कपूरला मागचा जन्म आठवला. तुमच्यातल्या कोणाच्या रिफने एवढं केलंय?’’

१९८०, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, गिटार गोरख शर्मा. वाजवून पाहा, चिकटते की नाही बोटांना. रिफ म्हणायचं की धून, असा तांत्रिक मुद्दा सॅबथवाल्याने काढायचा प्रयत्न केला, पण भजी गरम होती आणि मुद्दा थंड पडला.

गेल्या रविवारी पाऊस आला, म्हणून बैठक आमच्या हॉलमध्ये भरली. अण्णांनी कोपऱ्यातला तबला पुढे ओढला, हातोडीने गजऱ्यावर चार ठोके मारून माझ्या गिटारच्या षड्जाशी मिळवला आणि म्हणाले, ‘‘जावईबापू, तो तुमचा ढँढँढँ घ्या बघू.’’

‘‘किती वेळा?’’

‘‘मी हात उचलेपर्यंत.’’

मी सुरू केलं. अण्णांनी दोन आवर्तनं नुसती ऐकली. तेव्हा मला कळलं, की ते गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून एवढे रविवार काय करत होते. मोजत होते. रिफ सोळा मात्रांचा आहे. पहिला सा समेवर. दुसरी ओळ अर्धी मात्रा आधीच उठते. तिसरी ओळ बरोबर नवव्या मात्रेवर, खालीवर. मॉन्त्रोमध्ये पोलीस दार ठोठावत होते तेव्हा आत तीनताल चालू होता आणि आतल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

अण्णांनी आधी ठेका धरला, मग कायदा, मग पलटे. ब्याऐंशी वर्षांची बोटं. सुरुवातीला जरा अडखळली, मग लागली. पर्पलवाला, सॅबथवाला आणि झेपेलिनवाला तिघं ओळीने सोफ्यावर बसून हाताने टाळी-खाली देत होते. बावीस वर्षांत प्रथमच कोणी तोंडाने काही वाजवलं नाही. माझी मात्र पाचव्या मिनिटाला बोटं दुखायला लागली, दहाव्याला बधिर झाली, पंधराव्याला आयोमीची आठवण झाली आणि मी स्वयंपाकघरातल्या लिक्विडच्या बाटलीकडे आशेने पाहिलं. विसाव्या मिनिटाच्या सुमारास तिहाई घेऊन अण्णा समेवर आले आणि हात उचलले.

पर्पलवाल्याने छाती पुढे काढून बाकीच्यांकडे पाहिलं. सॅबथवाला म्हणाला, हा निकाल ग्राह्य धरता येणार नाही, ‘आयर्न मॅन’ला अजून संधी मिळालेली नाही. झेपेलिनवाल्याने ‘कश्मीर’साठी बारा मात्रांचा अर्ज तिथेच तोंडी दिला. मी अण्णांना विचारलं, ‘‘कसा आहे?’’

अण्णांनी तबल्यावर गवसणी चढवली. ‘‘लेहरा उत्तम आहे,’’ म्हणाले. ‘‘धरणारा घाई करतो.’’

येत्या रविवारी ‘आयर्न मॅन’ची सुनावणी आहे. खालच्या मजल्यावरच्या मंडळींना विनंती, की साडेनऊपर्यंत सांभाळून घ्यावं आणि पोलिसांना बोलावू नये. दार दाबून धरण्याइतकी कंबर आमच्यापैकी कोणाचीच राहिलेली नाही.